दुकान



मला अमेरिकेतल्या कामाबद्दल बोलायला सांगितलंय. सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही चहाला उठाल, म्हणून दुकानाबद्दल बोलते.

मी राहते डॅलसला. तिथे रेमंड नॅशर यांनी १९६५ साली कापसाच्या शेतात उभारलेला नॉर्थपार्क मॉल आहे. नॅशर यांना शिल्पांचा नाद. त्यामुळे दुकानांच्या मधोमध नामवंतांची शिल्पं, बघायला तिकीट नाही. आता मुलगी नॅन्सी आणि जावई तो चालवतात. २००६ साली मॉल खूप वाढवला, पण वीट वडिलांच्या वेळचीच, पांढरी ठेवली. हे कळलं त्या दिवशी मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

कारण दुकान आमचंही होतं. आजोबांनी सुरू केलेलं, कापडाचं. तुमच्यातल्या निम्म्यांचे गणवेश तिथलेच! दादांनी मला कधी गल्ल्यावर बसवलं नाही. इंजिनिअरिंगची फी मात्र त्याच गल्ल्यातून भरली. आणि मी, दुकानाचं पुढे काय, हे एकदाही विचारलं नाही. सुचलंच नाही. विकल्यावर त्यांनी फोनवर सांगितलं, आज पाऊस झाला म्हणावं तसं.

काल तिकडून गेले. आता मोबाईलचं दुकान आहे. लाकडी काउंटर तोच, कडेला ठोकलेली पितळी मीटरपट्टीही तीच. दुकानदाराला म्हटलं, हे आमचं होतं. त्याने खुर्ची पुढे केली, "या ना ताई, बसा."