तेलाची नळवाहिनी आणि अलिप्ततेची मर्यादा
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



उदयोन्मुख सत्तांचे परराष्ट्र धोरण हा विषय मोठा आणि हाती वेळ थोडा. म्हणून एकच उदाहरण घेतो : चीन आणि सुदान. व्यवहारी धोरणाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही येथे स्पष्ट दिसतात.

१९९३ पासून चीनला बाहेरून तेल आणणे भाग पडले. सोयीची तेलक्षेत्रे तोवर पाश्चात्त्य कंपन्यांनी व्यापली होती. उरली होती ती अडचणीची. सुदानमधील तेल शोधून काढले ते अमेरिकेच्या शेव्हरॉन कंपनीने. पण १९८४ मध्ये यादवी युद्धात तिचे कर्मचारी मारले गेले आणि तिने काम आवरते घेतले. १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर आर्थिक निर्बंध लादले. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या संयुक्त तेल उद्योगात चीनच्या सरकारी कंपनीचा वाटा ४० टक्के होता. १९९९ मध्ये सुमारे दीड हजार किलोमीटरची नळवाहिनी लाल समुद्रापर्यंत पोहोचली. २००३ मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशनेही त्या उद्योगात २५ टक्के भाग घेतला. तेव्हा चीनकडे बोट दाखवताना आपण अगदी त्रयस्थ नाही, याचे भान ठेवावे.

चीनचे सूत्र एकच होते : कोणाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. १९५४ च्या पंचशील करारात भारताने आणि चीनने मिळून मांडलेले हे तत्त्व. परंतु जेथे राज्यकर्तेच युद्धातील एक पक्ष असतात, तेथे त्यांना तेलाचा पैसा आणि शस्त्रे देणारा तटस्थ कसा राहील? २००३ मध्ये दारफूरमध्ये संहार सुरू झाला. जगभर टीका वाढली, तेव्हा २००७ मध्ये चीनने विशेष दूत नेमला, खार्टूमचे मन वळवले आणि शांतिसेनेसाठी आपले अभियंते धाडले.

दुसरी कसोटी दक्षिणेत लागली. बहुतेक तेल दक्षिणेत, तर बंदर उत्तरेत. २००५ च्या शांतता कराराने दक्षिणेला सार्वमताचा हक्क मिळताच चीनने वारा ओळखला. २००८ मध्ये जुबा येथे वाणिज्य वकिलात उघडली आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, त्याच दिवशी राजनैतिक संबंध जोडले. ज्यांच्याविरुद्ध आपली शस्त्रे वापरली गेली, त्यांच्याशीच हस्तांदोलन! व्यवहारीपणाची ही परिसीमा म्हणावी लागेल.

तरीही सुटका झाली नाही. वाहतूक शुल्काच्या वादात जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने तेल उत्पादनच बंद केले. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी पेटली. अखेर चीनने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सुमारे ७०० जवानांची पायदळ तुकडी पाठवली. जुलै २०१६ मध्ये जुबा येथील चकमकीत त्यांतील दोघांचा बळी गेला. एप्रिल २०२३ मध्ये तर खुद्द खार्टूमच रणांगण बनले.

मित्रहो, राज्य कोणाचे हे न विचारता तेल विकत घेता येते. पण नळवाहिनी माणसांच्या गावांतून जाते. तेथील दुःखाची चौकशी आरंभी केली नाही, तर पुढे तेच दुःख आपल्या दाराशी येऊन उभे राहते. ऊर्जेसाठी दूरदेशी जाणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने, आपणही, करारपत्राबरोबर त्या भूमीचा इतिहास वाचावा.