मास्तरांचे बक्षीस

मंडळी, बक्षीस दिले तर मास्तर जास्त शिकवतो का? दोन गोष्टी सांगतो.

इंग्लंडात १८६२ साली नियम झाला. मुले वाचन, लेखन, हिशेबात पास झाली, तर शाळेला पैसे जास्त. मग काय! पुष्कळ ठिकाणी मुलांकडून पुस्तकच घोकून घेतले. तपासणीस आला, की पोर घडाघडा म्हणे. पण नवे पान दिले, की अडे.

आंध्रात २००५ पासून काही खेड्यांत निराळी रीत करून पाहिली. मूल आधीपेक्षा किती पुढे गेले, त्यावर बक्षीस. दोन वर्षांत तिथली मुले गणितात, भाषेत पुढे गेली.

म्हणजे, पैशाने काम वाढू शकते. पण माप कशाचे घ्याल, ते जपून ठरवावे लागते.

आता तुम्हाला वाचता येते. आज घरी पोराला न पाहिलेले पान वाचायला द्या. ते माप तुमच्या हाती आहे.