स्टोरीबोर्ड तपासायला नवखा माणूस बसवा

नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात फोनवर एक लिंक येते, ‘हा ट्रेनिंग कोर्स पूर्ण करा.’ आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत सर्टिफिकेट घेतो आणि विसरतो. असे कोर्स कुठे बिघडतात आणि कुठे सुधारता येतात, यावर आज बोलू.

कोर्स रेकॉर्ड होण्याआधी तो कागदावर असतो. त्याला म्हणतात स्टोरीबोर्ड. मी सॉफ्टवेअरवाला, कोड लिहायला बसतो तेव्हा माझ्यासमोर हाच असतो. दिसायला साधा तक्ता. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय ऐकू येईल, तिसऱ्यात शिकणाऱ्याने काय करायचं. इथे एखादं वाक्य बदलायला दोन मिनिटं लागतात. तेच रेकॉर्डिंगनंतर बदलायचं तर पुन्हा आवाज, पुन्हा एडिटिंग, पुन्हा टेस्टिंग. मग डेडलाइन आली की सगळे म्हणतात, ‘राहू दे, चालतंय.’

खरंच चालतं का? आपल्या वसई पूर्वेला या. वालीव, सातिवलीला गाळ्यागाळ्यांत छोटे कारखाने आहेत. समजा, तिथल्या नव्या पोरांसाठी ड्रिल मशीनचा सुरक्षा कोर्स बनतोय. निवेदन आहे, ‘सुरक्षा साधनं वापरा.’ चित्रात हातमोजे घालून ड्रिल चालवणारा कामगार. दिसायला एकदम बरोबर! पण फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नसतात. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. हे डिझायनरच्या लक्षात येईलच असं नाही. मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस मात्र लगेच बोट ठेवेल. म्हणून पहिली तपासणी त्याची.

पण तिथेच थांबू नका. ‘चकची चावी काढा’ हे वाचून तो जाणकार पुढे जाईल, कारण त्याला सगळं माहीत आहे. नवा पोरगा विचारेल, ‘चक म्हणजे कुठला भाग? चावी कधी काढायची?’ आणि उत्तर महत्त्वाचं आहे. चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू केलं, तर ती उडून कुणालाही लागू शकते. म्हणून दुसरी तपासणी नवख्याची.

ही माझी आयडिया नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. लिबरऑफिस, पायथनसारख्या गोष्टी साधारण दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओंतून शिकवतात. त्यांची स्क्रिप्ट दोन रकान्यांची असते, एकीकडे दृश्य, दुसरीकडे निवेदन. विषयाचा जाणकार ती तपासतोच, शिवाय ‘नोव्हिस चेक’ही असतो, म्हणजे तो विषय न येणाऱ्याने केलेली तपासणी. तेच ट्युटोरियल मराठीतही मिळतं. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच राहतं, फक्त आवाज बदलतो. त्यामुळे मराठी वाक्य त्याच सेकंदांत बसवावं लागतं, नाहीतर माउस पुढे आणि आवाज मागे!

आता प्लॅनिंग. पहिला प्रश्न ‘काय काय सांगायचं’ हा नको. ‘कोर्स संपल्यावर हा माणूस काय करून दाखवेल’ हा हवा. ड्रिलच्या कोर्समध्ये ‘सुरक्षा महत्त्वाची आहे का?’ असं विचारलं तर सगळेच ‘हो’ म्हणणार. त्यापेक्षा फोटो दाखवा आणि विचारा, ‘हे मशीन आत्ता सुरू करशील का? नाही तर का नाही?’ हा प्रश्न आधी लिहा, स्क्रीन नंतर.

दुसरं, कोर्स कुठे बघितला जाणार? विरार लोकलमध्ये एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन. तिथे चित्र ओढून जागेवर ठेवायचा खेळ कोण खेळणार? गर्दीत आवाज ऐकू येत नाही, म्हणून महत्त्वाचं वाक्य पडद्यावरही हवं. मध्येच नेटवर्क गेलं तर कोर्स कुठून सुरू होईल, हेही स्टोरीबोर्डवरच लिहा. कोड लिहिणाऱ्याचे आशीर्वाद मिळतील!

तुमच्या ऑफिसात असा कोर्स बनत असेल, तर या आठवड्यात एक करा. स्टोरीबोर्ड मेलवर ‘प्लीज रिव्ह्यू’ म्हणून पाठवू नका. नव्या माणसाला शेजारी बसवा, मोठ्याने वाचू द्या, सांगितलंय ते करू द्या. तुम्ही गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे खूण करा. कोर्स तिथेच दुरुस्त करायचाय.

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!