रंग उतरलेले देव

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात ग्रीक देवांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण देवाला न्हाऊ घालणारे, वस्त्र नेसवणारे, थाटात मिरवणूक काढणारे लोक जगात आपण एकटेच नाही. प्राचीन ग्रीकही तसेच होते. त्यांच्या मूर्तींचे आणि पूजेचे पुढे काय झाले, आणि आज त्यांत पुन्हा जीव भरण्याची खटपट कशी चालली आहे, हे या दहा दिवसांत ऐकण्यासारखे आहे.

ग्रीक मूर्ती म्हटली की डोळ्यांसमोर पांढराशुभ्र संगमरवर येतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या ग्रीक पुतळ्यांच्या पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकल्या. युरोपात या शुभ्रतेची महती विंकेलमान या जर्मन विद्वानाने ठसवली. त्याचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ साली निघाला. गंमत अशी, की त्याने ग्रीस देश कधी पाहिलाच नव्हता. रोममधल्या मूर्ती, त्याही बऱ्याचशा रोमन काळातल्या नकला, एवढेच त्याच्यासमोर होते.

मूळच्या मूर्ती रंगवलेल्या असत. केस, ओठ, बुबुळे, वस्त्रांचे काठ, सगळ्यांना रंग असे. गेरू, हिंगूळ, निळा, हिरवा. प्लिनी हा रोमन लेखक एक आठवण देतो. प्राक्सितेलीस या थोर शिल्पकाराला कुणी विचारले, तुझ्या मूर्तींपैकी तुला जास्त आवडतात कोणत्या? तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागला आहे त्या. निकियास हा चित्रकार होता. आपल्या गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला केवढा मान असतो, ते आपण जाणतोच.

आणि रंग हा सेवेचा एकच भाग झाला. अथेन्सच्या टेकडीवर अथीना देवीची एक जुनी लाकडी मूर्ती होती. वर्षातून एकदा देवीच्या स्नानाचा आणि वस्त्रे धुण्याचा सण असे. तिच्यासाठी बायका नवे वस्त्र विणत आणि ते मिरवणुकीने अर्पण होई. त्याच टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरात फिडियासने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची अथीना होती. उंची सुमारे १२ मीटर, स्थापना इ.स.पूर्व ४३८. याच फिडियासने ऑलिंपियाला झ्यूस देवाची मूर्ती घडवली. ती पुसून-पासून स्वच्छ ठेवण्याचा मान त्याच्या वंशजांकडे होता, असे पॉसेनियस या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. आपल्याकडच्या गुरवांसारखे हे पिढीजात सेवेकरी घराणेच म्हणायचे.

मग हे थांबले. इ.स. ३९१-९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदीचे हुकूम काढले. पार्थेनॉनचे पुढे चर्च झाले, नंतर मशीद झाली. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडून आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला. १८०१ पासून लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी तिथली शिल्पे उतरवली आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिथे १९३७-३८ मध्ये ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून त्यांतली काही चक्क खरवडली गेली. देवाला न्हाऊ घालणारे हात गेले आणि पृष्ठभाग खरवडणारे हात आले.

आज या देवांकडे दोन वाटांनी लोक परतत आहेत.

पहिली वाट रंगाची. विन्झेंझ ब्रिंकमान आणि उलरिके कोख-ब्रिंकमान या जर्मन दांपत्याने दगडावर उरलेले रंगाचे कण वर्षानुवर्षे तपासले आणि रंगीत प्रतिकृती तयार केल्या. २००३ मध्ये म्युनिकला त्यांचे प्रदर्शन भरले. चौकटीचौकटींची भडक विजार घातलेला धनुर्धर पाहून कित्येकांनी नाके मुरडली. पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना मूळ रूपच खोटे वाटले! विशिष्ट प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रांत तर प्राचीन निळ्या रंगाचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कणही चमकून उठतात. ब्रिटिश म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या शिल्पांवरही ते सापडले. एवढे खरवडूनही रंग पुरता गेला नव्हता.

दुसरी वाट पूजेची. ही अधिक अवघड. ग्रीसमधले बहुसंख्य लोक श्रद्धावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्यातच काही थोडे जण पुन्हा जुन्या देवांना भजू लागले आहेत. १९९७ मध्ये त्यांची एक परिषद स्थापन झाली. २००६ मध्ये न्यायालयाने अशा उपासनेला मोकळीक दिली. जानेवारी २००७ मध्ये अथेन्सच्या झ्यूस मंदिराच्या भग्न खांबांपाशी मोजक्या लोकांनी प्रार्थना केली. २०१७ मध्ये सरकारने या धर्माला मान्यता दिली. चर्चमधल्या अनेकांना हे पसंत नाही, आणि इतरांपैकी काहींना ही नाटकी हौस वाटते.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही, उलट त्यांची अडचण मनाला लागते. त्यांच्याकडे स्तोत्रे आहेत, शिलालेख आहेत, भांड्यांवर पूजेची चित्रे आहेत, जगभरची संग्रहालये मूर्तींनी भरलेली आहेत. नाही ते एकच. ‘आमच्या घरी असे करतात’ म्हणून सांगणारी आजी नाही. स्तोत्र कोणत्या चालीत म्हणायचे, आधी काय आणि मागून काय, हे ग्रंथांतून तुकडे जुळवून ठरवावे लागते. दीड हजार वर्षांपूर्वी तुटलेला धागा असा गाठ मारून जोडावा लागतो, आणि ती गाठ हाताला लागत राहते.

याउलट एक उदाहरण आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानातले. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पुजत आणि शेंदूर फासत. १८७७ मध्ये कनिंगहॅमने तो पाहिला, पण शेंदराच्या थराखालचा लेख त्याला दिसला नाही. १९०९ च्या सुमारास थर काढल्यावर ब्राह्मी अक्षरे उघडी झाली. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या ग्रीक वकिलाने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला होता, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात! परक्या देशी आलेल्या ग्रीकाने इथल्या देवाला हात जोडले, आणि त्याचे नाव विसरून गेलेल्या गावकऱ्यांनीही त्या खांबाची सेवा सोडली नाही.

म्हणून मला वाटते, मूर्तीचे आयुष्य दगडावर ठरत नाही. ग्रीकांचा संगमरवर अडीच हजार वर्षे टिकला, पण पूजा खंडित झाली. आपला गणपती मातीचा, दीड दिवसाने नाहीतर दहा दिवसांनी पाण्यात जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाटावर बसतो. टिकते ते करणाऱ्यांच्या हातांत.

आपली घराणी मुलूख सोडून इथे आली त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. इथल्या बोलीचे शब्द आपल्या मराठीत मिसळले, ते मिसळणारच. पण कुळाचाराची बारीकसारीक माहिती पुस्तकात सापडत नाही. घरची आरतीची चाल, गौरीच्या नैवेद्याची भाजी, उत्तरपूजेनंतर मूर्ती हलवायची ती कोणी आणि कशी, हे पाहून आणि करूनच येते. पोरांना नुसते फोटो काढायला उभे करू नका. या वर्षी निरांजन त्यांच्या हाती द्या, मोदकाची पारी त्यांना करू द्या. चुकली तर चुकू द्या. आपल्यातले कुणी जवळ बसून सांगणारे आहे, तोवर ती दुरुस्त होईल.

 गणपती बाप्पा मोरया!