सई परांजपे यांचे माहितीपट

दापोली तालुक्यांतील मुर्डी हें गांव श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें नसेल. परंतु रँग्लर परांजप्यांचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म याच गांवीं १८७६ सालीं झाला. १८९९ सालीं ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. १९०१ च्या अखेरीस ते स्वदेशीं परतले, तेव्हां मुंबईंत झालेलें त्यांचें स्वागत सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं चित्रफितीवर टिपलें. भारतांतील अगदीं आरंभींच्या वार्तापटांत त्याची गणना होते.

याच रँग्लरांची नात म्हणजे सई परांजपे. १९३८ सालीं लखनौस जन्मलेल्या सईबाई आजोबांच्या छायेंत वाढल्या. पुणें आकाशवाणीवर त्या निवेदिका होत्या; दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत शिक्षण घेतल्यावर त्या दूरदर्शनवर निर्मात्या झाल्या. १९७२ च्या 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या दूरचित्रपटास तेहरान येथें आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

पुढें 'स्पर्श' व 'चष्मेबद्दूर' यांनीं त्यांना कीर्ति दिली. तरी माहितीपटाचा धागा त्यांनीं तोडला नाहीं. १९९३ च्या 'चूडियां'मध्यें महाराष्ट्रांतील खेड्यांतल्या स्त्रियांनीं दारूविरुद्ध दिलेला लढा त्यांनीं दाखविला.

आजोबांच्या वेळीं चित्रफितीच्या वांट्याला एका विद्वानाचा गौरव आला. ज्यांच्या स्वागतास कोणी जमत नाहीं, अशांच्या दारीं नातीनें ती नेली. माहितीपटाचें सार्थक याहून निराळें तें कोणतें?