न गाण्याची वर्षे



होमिओपॅथीच्या डॉक्टराने गाण्यावर बोलायचे, आणि तेही ग्वाल्हेरात, म्हणजे धाडसच. कृष्णराव पंडितांना समोर बसून ऐकलेली माणसे लश्करच्या जुन्या मराठी घरांत होऊन गेली. तेव्हा मी रागांच्या बारकाव्यांत शिरणार नाही. एक तरुण रचनाकार कसा घडला आणि त्यात आजारपणाचा वाटा किती होता, एवढेच सांगतो. तो रचनाकार म्हणजे कुमार गंधर्व.

शिवपुत्र कोमकलीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. तबकड्या ऐकून थोरामोठ्यांचे गाणे हा मुलगा हुबेहूब म्हणत असे. बारा वर्षांच्या आतबाहेर असताना तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे, आणि बुवांनी विद्या घेतली ती ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून. म्हणजे पाणी आपल्याच विहिरीचे. देवधरांनी मात्र इतर घराण्यांची दारे बंद केली नाहीत. नक्कल करणाऱ्या मुलाला त्यांनी विचार करायला लावले.

१९४७ मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झाले. नाव झालेले होते, बैठका चालू होत्या. आणि क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले, तेव्हा वय अवघे तेवीस. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पुढची पाचेक वर्षे बहुतेक अंथरुणातच गेली.

माझ्या पॅथीचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, त्यांना जगवले ते स्ट्रेप्टोमायसिनने. १९४३ मध्ये शोध लागलेले हे औषध तेव्हा नवे होते. आणि जगवले भानुमतीबाईंनी. नोकरी करून घर चालवायचे आणि शुश्रूषाही करायची, हे दोन्ही त्यांनी केले. कुमारांच्या घडणीत त्यांचे नाव गुरूंच्या शेजारी यायला हवे.

गळा बंद होता, कान उघडे होते. खिडकीखालून बायका गात जात, फिरते भजनी जात. माळव्याच्या त्या धुनांत स्वर चार-पाचच असत, पण प्रत्येक धून आपल्या चालीने चाले. कुमारांच्या ध्यानात आले की रागाचे बी इथे आहे. ते बी त्यांनी वाढवले आणि त्यातून नवे राग उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होते. लांब दमाच्या जागी लहान, टोकदार स्वरवाक्ये आली. १९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक आले. माझ्या मते त्याचा पाया त्या मुक्या वर्षांत घातला गेला.

आमच्याकडे मौनाला तप म्हणतात. पण कुमारांचे मौन व्रताचे नव्हते, लादलेले होते. त्यांनी ते अभ्यासाला लावले, हे त्यांचे मोठेपण. आजाराचे गुणगान मी करणार नाही. क्षयाचे रोगी मी पाहिले आहेत.

हा विषय मी का घेतला, तेही सांगतो. माझा धाकटा मुलगा गाणे शिकत होता. चौदाव्या वर्षी आवाज फुटू लागला. या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढते, गळ्याला विश्रांती लागते, हे डॉक्टर म्हणून मला ठाऊक होते. पण परीक्षा तोंडावर आली होती. ‘एवढी परीक्षा दे, मग थांब,’ असे मी म्हटले. गोळ्या दिल्या, रियाझही करवून घेतला. परीक्षेत तो पास झाला. त्यानंतर त्याने तंबोऱ्याला हात लावला नाही. आज तो चाळिशीला आला आहे. मी विषय काढला तर हसतो आणि म्हणतो, ‘राहू द्या, बाबा.’ त्याचा कुमार गंधर्व झाला असता असे मी म्हणत नाही. पण संध्याकाळी घरात गुणगुणला असता.

आपल्या घरांतली मुले आज क्लास, परीक्षा, स्पर्धा यांच्या रांगेत उभी आहेत. कोणी नातू म्हणाला, ‘आजोबा, सहा महिने गात नाही, नुसते ऐकतो,’ तर त्याला आळशी म्हणू नका. रेडिओ लावून द्या आणि त्याच्याजवळ बसा. तेही शिक्षणच आहे. मला ते उशिरा कळले.