निद्रेचा अभ्यास रानातच



प्राण्याची झोप पिंजऱ्यात मोजली, तर हिशेब चुकतो. स्लॉथ हा अमेरिका खंडातील झाडावर राहणारा अतिसंथ प्राणी. बंदिवासात तो दिवसाकाठी सुमारे १६ तास झोपतो, असे आढळले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पनामाच्या अरण्यातील स्लॉथांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी नोंदणारे लहान यंत्र बसविले गेले, तेव्हा ती निद्रा ९.६ तासच भरली. आळशीपणाची एवढी मोठी कीर्ती, आणि झोप जवळजवळ माणसाइतकीच!

परंतु निरीक्षणास यंत्र हवेच असे नाही. वडापिंपळावर वटवाघळांचा तळ असेल, तर शाळेतील मुलांनी तो दुरून पाहावा. पंख अंगाभोवती गुंडाळून ती दिवसा उलटी झोपतात. ऊन चढले की जागी होऊन पंखांनीच वारा घेतात. कोणत्या वेळी किती जागी होती, कशाने जागी झाली, हे वहीत टिपावे. फळबागवाल्यांचा त्यांच्यावर रोष असतो, आणि तो अगदीच अकारण नव्हे. तथापि मोहाचे बी दूरवर नेणारीही तीच. भर उन्हात दगड वा फटाक्यांनी त्यांना उठविल्यास त्यांची शक्ती व्यर्थ खर्च होते. खाली पडलेल्या वटवाघळास मात्र मुलांनी हात लावू नये.